१० मीटर एअर पिस्तूल: मोरिनी सीएम १६२ ईआय घ्यावं की स्टायर इव्हो १०?

पालक_नाशिक

मुलीसाठी स्वतःचं पिस्तूल घ्यायचं ठरलंय. वय १६, उजवा हात, ६० शॉट्सला ५४५ ते ५५५ गुण. आत्तापर्यंत क्लबच्या पिस्तुलावर भागलं. यादी छाटत छाटत दोनच नावं उरलीत: मोरिनी सीएम १६२ ईआय आणि स्टायर इव्हो १०, म्हणजे मेकॅनिकल ट्रिगरचं. दोन्ही नियमांत बसतात आणि दोन्हींची किंमत लाखाच्या वर आहे. दोन्ही वापरणारे खेळाडू वरच्या स्पर्धांत दिसतात. त्यामुळे "कुठलं भारी" हे विचारत नाही, निवडताना नेमकं काय तपासायचं ते सांगा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आपल्या पावसाळ्यात त्रास देतो का? स्टायरमधल्या स्टॅबिलायझरने, म्हणजे धक्का खाणाऱ्या वजनाने, गुण वाढतात का? पुन्हा पुन्हा घेणं परवडणारं नाही, तेव्हा चार-पाच वर्षांनी काय बिघडतं तेही हवंय.

दुधाळीकर

ट्रिगर आणि स्टॅबिलायझर नंतर बघू. आधी ग्रिप, म्हणजे लाकडी मूठ. या दोन पिस्तुलांच्या नळ्यांमध्ये ५५० च्या नेमबाजाला कळेल असा फरक नाही. क्लॅम्पमध्ये लावली तर दोन्ही एकाच भोकात मारतात. गुण जातात ते हात आणि लाकूड यांच्या मधल्या जागेत.

तिचा हात मोजा. तळहाताची रुंदी बोटांच्या मुळाशी, अंगठा सोडून. लांबी मनगटाच्या पहिल्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दोन्ही कंपन्या एक्सएस, एस, एम अशा मापांत ग्रिप देतात, पण एकीचा एस म्हणजे दुसरीचा एस नव्हे. म्हणून कागदावरचं माप पुरत नाही, पिस्तूल हातात घेऊनच बघावं लागतं.

हातात घेतल्यावर हे बघा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी ग्रिपच्या मागच्या खाचेत वरपर्यंत, फट न राहता बसली पाहिजे. नळी आणि कोपरापर्यंतचा हात वरून पाहिलं तर एका रेषेत हवेत. मधलं बोट सरळ मागे दाबतं, अनामिका आणि करंगळी नुसती सोबत करतात. तर्जनी ट्रिगरवर पहिल्या पेराच्या मध्यावर येते आणि बाकी कुठेही लाकडाला टेकत नाही. जाड कागदाचा तुकडा तर्जनी आणि ग्रिप यांच्यामधून सरकवा. अडकला तर तिथलं लाकूड ट्रिगर ओढताना पिस्तूल डावीकडे ढकलणार.

मग डोळे मिटून परीक्षा. लक्ष्याकडे उभं राहून पिस्तूल उचलायचं, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. फ्रंट साइट (पुढची माशी) रिअरच्या (मागच्या साइटच्या) खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप तिची. दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर ग्रिप वळवून किंवा घासून ते सुधारतं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर माप मोठं आहे. असं दहा-बारा वेळा करा, प्रत्येक वेळी पिस्तूल टेबलावर ठेवून नव्याने पकडायचं. स्टायरमध्ये ग्रिपचा कोन स्क्रूने थोडा बदलता येतो. मोरिनीवर किती सोय आहे ते समोरच्या नगावर किल्ली लावून बघा.

१०.९_चा_ध्यास

दुधाळीकर म्हणतात ते आकड्यांत मांडतो, म्हणजे ग्रिपवर इतका भर का ते कळेल.

या पिस्तुलांत फ्रंट साइट ते रिअर साइट अंतर साधारण ३३० मिमी. लक्ष्य १० मीटरवर. फ्रंट साइट खाचेत १ मिमी सरकली तर पेलेट (छर्रा) जवळपास ३० मिमी सरकतं. दोन वलयांमधलं अंतर ८ मिमी आहे, म्हणजे जवळजवळ चार गुण गेले. उलट साइट्स नीट जुळलेल्या असताना अख्खा हात १ मिमी सरकला तर पेलेटही १ मिमीच सरकतं. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं आहे, तेवढ्यात तो फरक पचतो. हात डोलला म्हणून फार गुण जात नाहीत. ट्रिगर ओढताना मनगट किंचित मोडतं तेव्हा जातात.

आता स्टॅबिलायझर. ०.४९ ग्रॅमचं पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटरने सुटतं. पिस्तूल एक किलोच्या आसपासचं. संवेगाचा हिशोब केला तर पिस्तूल मागे येतं सेकंदाला ७ सेंमीच्या आसपास. नळीतून सुटणाऱ्या हवेचा धक्का थोडी भर घालतो. पेलेट नळीत असतं तेव्हा, म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंदांत, पिस्तूल मागे हलतं सुमारे ०.१ मिमी. म्हणून धक्क्याचा त्या शॉटच्या गुणावर परिणाम होत नाही म्हटलं तरी चालेल.

स्टायरच्या आत एक वजन उलट दिशेला सरकतं आणि हा धक्का खातं. फायदा आहे, पण तो शॉट सुटल्यानंतरचा: साइट्स जागच्या जागी राहतात, त्यामुळे शॉट कुठे गेला ते नेमबाजाला स्वतःला सांगता येतं. फॉलो-थ्रू, म्हणजे शॉट सुटल्यावरही पकड आणि नेम टिकवणं, शिकताना हे उपयोगी पडतं. मोरिनी १६२ ईआयमध्ये तसं वजन नाही, फ्रंट साइट किंचित उडते, सवय झाली की तीही दर वेळी सारखीच उडते. स्टॅबिलायझरसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागत असतील तर मी ते आधी ग्रिपवर घालीन.

वरळी_लेन_१७

शॉट कुठे गेला ते सांगता येणं ही लहान गोष्ट नाही हो. ५५० वरून ५६५ ला जायचा रस्ता तिथूनच जातो. पण बाकी पटलं.

स्प्रिंग_वॉशर

दुरुस्तीच्या टेबलावर काय येतं ते लिहितो.

दोन्ही पिस्तुलांत सगळ्यात जास्त तक्रार गळतीची, आणि दहांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एका ओ-रिंगमध्ये असतं. हवेचा सिलिंडर जिथे पिस्तुलाला जोडतो ती रबरी रिंग वाळते, चपटी होते किंवा आटे फिरवताना तिला चीर पडते. ओळखायचं कसं? सिलिंडर भरून, काढून, दाब लिहून ठेवा. रात्रभराने दाब तोच असेल तर सिलिंडर ठीक, गळती पिस्तुलाच्या बाजूला. दाब उतरला असेल तर सुटा सिलिंडर पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा. पिस्तूल पाण्यात घालू नका, तिथे साबणाच्या पाण्याचा ब्रश पुरतो. नव्या रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्यायचा. शिलाई मशिनचं तेल, खोबरेल, गाडीचं ग्रीस यातलं काहीही दाबाच्या भागांना लावायचं नाही. रबर फुगतं, आणि दाबाखालच्या हवेत तेल धोक्याचं असतं. ऑक्सिजनचा सिलिंडर तर कुणी कितीही आग्रह केला तरी जोडायचा नाही. स्फोट होतो.

दुसरी तक्रार ओलाव्याची. हातपंपाने पावसाळ्यात भरलं की पाणी आत जातं. ते रेग्युलेटरमध्ये, म्हणजे दर शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागात, साचतं, तिथे गंज धरतो, मग शॉटचा वेग वरखाली होतो आणि उभ्या रेषेत पसरलेले शॉट्स दिसू लागतात. होल्ड नीट आहे, ट्रिगर नीट आहे, तरी शॉट्स खाली-वर पसरतात, तेव्हा रेग्युलेटर तपासायला द्या. यावर उपाय म्हणजे ड्रायर असलेल्या कॉम्प्रेसरने भरलेली मोठी टाकी, तिच्यातून सिलिंडर भरायचा. नाशिकला हातपंपच असेल तर निदान दर पाच-सहा मिनिटांनी थांबा, पंप थंड होऊ द्या, खालचा झडपेचा स्क्रू सोडून पाणी काढा.

भरताना घाई नको. भरभर भरलं की हवा तापते. ४५ अंशाला काटा २०० बार दाखवत असेल तर २७ अंशावर आल्यावर तोच १८९ च्या घरात येतो, आणि माणसाला वाटतं सिलिंडर गळतोय. उन्हात बंद गाडीत २०० बारचा सिलिंडर ६० अंशाला २२२ पर्यंत चढतो, म्हणून गाडीत ठेवायचाच नाही. उलट टोकाला, ७०-८० बारच्या खाली सराव चालू ठेवू नका. रेग्युलेटरला खेळायला दाब उरत नाही, शॉट खाली पडू लागतात.

हे सगळं दोन्हींना सारखं लागू. फरक ट्रिगरमध्ये आहे. स्टायरचा मेकॅनिकल ट्रिगर मळतो, झिजतो, पण आधी सांगून बिघडतो: ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो, त्यातला शॉट सोडणारा दुसरा टप्पा खरखरीत होतो, वजन हळूहळू बदलतं. मोरिनीचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर वर्षानुवर्षं एकाच वजनावर राहतो आणि बिघडला की एकदम बिघडतो. बॅटरी, तिचे संपर्क किंवा सर्किट. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही घरी बघू शकता, तिसरीला बोर्ड मागवावा लागतो.

पालक_नाशिक

धन्यवाद सगळ्यांना. सर, मग पावसाळ्यात इलेक्ट्रॉनिकला जास्त धोका असं समजायचं का?

स्प्रिंग_वॉशर

जास्त नाही, वेगळा. बॅटरी आत ठेवून पिस्तूल महिनाभर पेटीत पडलं तर संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते. सुट्टीत बॅटरी काढून ठेवायची, पट्ट्या खोडरबराने हलक्या घासायच्या. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि रंग बदलला की सुकवायच्या. स्पंजची पेटी घामाने ओली झालेली ग्रिप कोरडी होऊ देत नाही, त्यामुळे घरी आल्यावर पेटी तासभर उघडी राहू दे. एवढं केलं तर कोकणातही चालतं.

ज्यूरी_बाक

नियमांच्या बाजूने दोन-चार गोष्टी. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम, पिस्तुलाचं कमाल १५०० ग्रॅम, आणि ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत ते बसलं पाहिजे. ग्रिप घासताना, भरताना पालक तिसऱ्या आकड्यात चुकतात, पुट्टी लावून ५० मिमीची जाडी ओलांडतात. तळहाताचा टेकू ग्रिपशी ९० अंशापेक्षा कमी कोन करता कामा नये, वर वळलेला असता कामा नये. ग्रिपचा कुठलाही भाग हाताला वेढता कामा नये.

ट्रिगर ५०० वर नेमका लावू नका. नळी सरळ वर धरून वजन उचलतात, उचलताना थोडा हिसका बसला की ट्रिगर सुटतो. ५१५-५२० ठेवा. मेकॅनिकलवर हे जास्त महत्त्वाचं, कारण प्रवासाने आणि झिजेने दहा ग्रॅम इकडे-तिकडे होतात.

जुनं पिस्तूल बघणाऱ्यांसाठी: सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. कंपनीने दिलेली मुदत, जास्तीत जास्त १० वर्षं, उलटली असेल तर स्पर्धेत चालत नाही. "स्वस्तात मिळतंय" म्हणून आठ वर्षांचे सिलिंडर घेऊ नका, नव्या दोन सिलिंडरांची किंमत सौद्यातून वजा करून बघा.

आणि वेळ. ६० शॉट्सना ७५ मिनिटं. पिस्तूल बिघडलं तर दुरुस्त करा किंवा परवानगीने बदला, पण तो वेळ तुमच्या घड्याळातून जातो. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला, बरीच मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. पॅरिसला तिनेच कांस्य जिंकलं. तेव्हा कुठलंही घ्या, स्पर्धेला जाताना दुसरं पिस्तूल कुणाकडे मिळेल ते आधी विचारून ठेवा. क्लबमध्ये ज्या मॉडेलची संख्या जास्त, ते घेण्याचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे.

दुधाळीकर

ज्यूरी साहेबांच्या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा. शंभर किलोमीटरच्या आत कोणाकडे कुठले सुटे भाग आहेत, यावर निम्मा निर्णय व्हावा.

वरळी_लेन_१७

ट्रिगरबद्दल एक मतभेद नोंदवते. मेकॅनिकल शिकायला चांगला, असं सरसकट सांगितलं जातं. मला उलट वाटतं. सोळा वर्षांच्या मुलीला ट्रिगर रोज सारखा मिळणं महत्त्वाचं, म्हणजे चूक कोणाची ते कळतं. इलेक्ट्रॉनिक दुसऱ्या टप्प्याला काचेसारखा स्वच्छ सुटतो, हिवाळ्यात-उन्हाळ्यात तसाच. मेकॅनिकलमध्ये बरेच स्क्रू आहेत आणि त्यांना हात लावायचा मोह सगळ्यांनाच होतो.

१०.९_चा_ध्यास

मोहाचं बरोबर आहे, पण स्क्रू मोरिनीतही आहेत, ताई. दोन्हींवर क्रम एकच ठेवा. आधी ट्रिगरची जागा, पुढे-मागे, बोटाच्या लांबीनुसार. मग पहिल्या टप्प्याचं वजन, ३५० ते ४०० ग्रॅम. उरलेले १२०-१७० दुसऱ्या टप्प्यात. पहिला टप्पा हलका ठेवून दुसरा जड केला की मुलं भिंतीवर, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या तोंडाशी, थांबतात, वाट बघतात आणि मग झटका मारतात. शॉट खाली डावीकडे जातो, उजव्या हाताच्या नेमबाजाचा. शेवटी ट्रिगर स्टॉप. तो फार घट्ट केला तर धूळ किंवा थंडीने ट्रिगर सुटतच नाही, म्हणून सुटतो त्या जागेपासून पाव फेरा मोकळा सोडा.

एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, मग वीस ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर ओढणं. दोन्ही पिस्तुलांत हवा न सोडता ड्राय फायर करता येतं. जुळलं की स्क्रूच्या डोक्यापासून बाजूच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे स्क्रू हलला. आणि किल्ली प्रशिक्षकांकडे.

पालक_नाशिक

हात मोजला. रुंदी ७६ मिमी, लांबी १७० मिमी. एका ओळखीच्या क्लबमध्ये दोन्ही हाताळायला मिळाली. स्टायरची एस ग्रिप होती: डोळे मिटून बारापैकी नऊ वेळा फ्रंट साइट मधोमध. मोरिनी एम मापाची होती: इकडे-तिकडे. मोरिनीचा ट्रिगर तिला जास्त आवडला. आमच्या क्लबमध्ये स्टायर चार, मोरिनी एक.

दुधाळीकर

मग मोरिनी एसमध्ये बघितल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही. ७६ मिमीला एम मोठीच. तोवर "ट्रिगर आवडला" याला अर्धं वजन द्या, कारण मोठ्या ग्रिपवर तर्जनी ताणून टोकाने ट्रिगर ओढला जातो आणि तो हलका भासतो.

एस मिळालीच नाही तर स्टायर घ्या आणि मागे वळून पाहू नका. तिचा हात अजून थोडा वाढेल, तेव्हा ग्रिप घासायला जागा हवी. सुरुवातीला थोडी घट्ट चालेल, ढिली नाही. घासायची वेळ आली की हाताला खडूची भुकटी लावून नेहमीसारखं पकडायचं. लाकडावर जिथे पांढरं गडद उमटतं तिथे दाब जास्त. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडं थोडं, दर वेळी पकडून बघत. जिथे खोलगट आहे तिथे एपॉक्सी पुट्टी, ओली असतानाच हातमोजा घालून पकड घ्यायची. टेकू आणि हात यांच्यात १-२ मिमी मोकळं सोडा. उन्हाळ्यात साठाव्या शॉटपर्यंत हात सुजतो, घट्ट टेकू पकड बदलून टाकतो.

वरळी_लेन_१७

चार विरुद्ध एक आणि बारापैकी नऊ. मीही इथे स्टायर म्हणेन. माझं मत इलेक्ट्रॉनिकबद्दल होतं, तुमच्या परिस्थितीत सुटे भाग जवळ असणं भारी पडतं. इलेक्ट्रॉनिकच हवं असेल तर स्टायरचंही तसं मॉडेल आहे, आणि मोरिनीचं मेकॅनिकलही मिळतं. ट्रिगर म्हणजे ब्रँड असं धरून चालू नका.

ज्यूरी_बाक

खरेदीचं थोडं. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत २० जूलपर्यंतची, ४.५ मिमीची एअर पिस्तुलं परवान्याच्या बाहेर आहेत. ही पिस्तुलं साडेपाच जूलच्या आसपासची. तरी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, बिल जपून ठेवा आणि प्रवासात पिस्तुलासोबत ठेवा. विमानाने जाताना सिलिंडर रिकामा आणि पिस्तुलापासून सुटा. आयातीतल्या सवलतींचं डीलर जे सांगेल ते लेखी घ्या.

पालक_नाशिक

डीलरकडे एस ग्रिपची मोरिनी नाही, मागवायला तीन महिने म्हणतो. स्टायर इव्हो १०, एस, नक्की करतोय. ताब्यात घेताना काय बघू? पेलेट कुठली घेऊ?

स्प्रिंग_वॉशर

पेटीत हे मोजून घ्या: दोन सिलिंडर, दोन्हींवरच्या तारखा वाचून, भरायचा अ‍ॅडॅप्टर, जो तुमच्या क्लबच्या टाकीला बसतो का ते तिथेच बघून, अ‍ॅलन किल्ल्या, कारखान्यात मारलेलं टेस्ट टार्गेट, त्यावरचा क्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळवून. सिलिंडर लावून भरलेल्या अवस्थेत दुकानात अर्धा तास ठेवा, काटा हलता कामा नये. लोडिंग लिव्हर दहा वेळा उघडा-मिटा, शेवटी अडखळू नये. ओ-रिंगचा संच तेव्हाच वेगळा विकत घ्या, नंतर टपालाने मागवण्यात आठवडे जातात.

पेलेटसाठी आरडब्ल्यूएस आर १० चं पिस्तुलाचं, ०.४५ ग्रॅम, आणि एच अँड एन फिनाले मॅचचं पिस्तुलाचं, ०.४९ ग्रॅम, असे दोन-तीन डबे घ्या. क्लॅम्पमध्ये प्रत्येकी दहा-दहा मारून ज्याचं भोक लहान ते ठरवा आणि त्याच लॉटचे वर्षाचे डबे एकदम उचला. डबा पडला तर ती पेलेट सरावाला. स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, वाकलेलं पेलेट डोळ्यांना दिसत नाही, कागदावर दिसतं.

साइट्सच्या क्लिकचा हिशोब पुस्तिकेवरून पाठ करू नका. पाच शॉट मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा, दोन्ही गटांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. दहाने भागलं की तिच्या पिस्तुलाचा आकडा मिळाला. तो पेटीच्या झाकणात आतून लिहून चिकटवा.

सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी, नळीच्या पूर्ण लांबीचा लागतो. दोन घ्या, एक हमखास हरवतो.